म्यूर हटपाशी जिओकॅश ठेवायचा विचार आहे, चालेल का?

केळीबाग_सावदा

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याने येत्या ऑगस्टात बोलावलंय. तोवर मृगबाग लावून झालेली असते, पाणी-खत सालदार बघतो, म्हणून म्हटलं जाऊन यावं. तो म्हणतो मामा तुम्ही रोज वावरात एवढं चालता तर इथले डोंगर पायी बघा, सिएरा नेवाडात नॉर्थ लेक ते साउथ लेक अशी एक वाट आहे, ५५ मैल म्हणजे आपले ८८ किलोमीटर, सहा-सात दिवस, पाठीवर तंबू आणि शिधा. त्यातला मधला भाग जॉन म्यूर ट्रेलवरून जातो. ती अख्खी ट्रेल योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत ३४० किलोमीटर, तेवढी काय आपल्याच्याने व्हायची नाही.

तर या वाटेवर म्यूर पास म्हणून खिंड लागते, ११,९५५ फूट उंच, आणि तिथे १९३० साली बांधलेली एक दगडी झोपडी आहे, तिचं नाव म्यूर हट. भाच्याने फोटो पाठवला आणि मी बघतच राहिलो. आजूबाजूला औषधाला झाड नाही, नुसता खडक आणि त्यात ही दगडाचीच गोलसर खोली, वरचं निमुळतं छप्परसुद्धा दगडाचं. आमच्या वावरात डोंगराच्या अंगाला आजोबांनी बांधलेली दगडी खोली आहे, तिचे कोपरे घासले तर अशीच दिसेल. (आमच्या खोलीवर मात्र पत्रे आहेत आणि आत सध्या ठिबकच्या जुन्या नळ्या पडल्यात.)

आता मुद्दा. तीन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा भाच्याच्या पोरीने जिओकॅशिंगचा नाद लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतो, बाकीचे फोन घेऊन शोधतात, सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच तस्सा ठेवायचा. आतली एखादी वस्तू उचलली तर तेवढ्याच मोलाची दुसरी टाकायची. साठीला टेकलेला माणूस बागेतल्या बाकाखाली हात घालून बोटाएवढी डबी काढतो आणि पोरासारखा उड्या मारतो, हे मी स्वतः केलंय, बायकोकडे व्हिडिओ आहे.

तर मनात असं आलंय की म्यूर हटच्या जवळ एखाद्या दगडाच्या फटीत आपला छोटा स्टीलचा डबा ठेवावा, आत वही, पेन्सिल आणि पितळी केळीच्या घडाची किचेन. जगभरचे लोक तिथून जातात, कोणीतरी लिहील, सावद्याचं नाव होईल. चालेल का? परवानगी लागते का? आणि जीपीएसचं वेगळं मशीन घ्यावं की फोन पुरतो? कारण इथे मोजणीवाल्यांचा रोव्हर, म्हणजे त्यांचं जमीन मोजायचं जीपीएस यंत्र, सेंटिमीटरात सांगतो आणि माझा फोन मला बांधावर उभं असताना शेजाऱ्याच्या केळीत दाखवतो, त्यावरून एकदा भांडण होऊन गेलंय.

चोपड्याचा_बेएरियात

भाऊ, आधी वाईट बातमी सांगून टाकतो. नाही चालणार. म्यूर पास किंग्ज कॅन्यन नॅशनल पार्कच्या हद्दीत येतो आणि तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांत पार्कच्या परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. तुमच्यासाठी तो सावद्याचा मान, रेंजरसाठी तो कोणीतरी टाकून गेलेला कचरा. आणि परवानगीचं जमलं असं धरलं तरी साइटवाले घेणार नाहीत, कारण त्यांचा नियमच आहे की ज्याने डबा लपवला त्याला तो अधूनमधून जाऊन बघता आला पाहिजे. सुट्टीत गेलो, ठेवला, विमानात बसलो, असल्या डब्यांना ते सरळ नाही म्हणतात. वही भिजली, झाकण तुटलं, तर सावद्याहून तुम्ही तिथे कसे जाणार? नुसती चढाईच दोन-तीन दिवसांची आहे.

त्या भागात नियम किती कडक असतात ते सांगतो, व्हिटनीच्या बाजूला स्वतःची शीसुद्धा पिशवीत भरून परत खाली आणावी लागते. गंमत नाही. त्या पिशव्या मिळतात, आत पावडर असते. मी आणलीय. बॅगेच्या बाहेर लटकवून तीन दिवस चाललो आणि सोबतचे लोक वाऱ्याची दिशा बघून पुढे-मागे होत होते.

आता चांगली बातमी, हट बघायलाच जा, डब्याशिवायही ती वसूल आहे. मी जुलैच्या शेवटी गेलो तर खिंडीच्या दोन्ही बाजूंना बर्फ होता, आणि त्या बर्फाला उन्हाने वाट्या-वाट्यांचा आकार आलेला, पाय प्रत्येक वाटीत वेगळा पडतो, वैताग येतो. खिंडीच्या एका अंगाला वांडा लेक आणि दुसऱ्या अंगाला हेलन लेक, दोन्ही नावं जॉन म्यूरच्या मुलींची. म्यूर म्हणजे तिकडची जंगलं-डोंगर वाचवायला झटलेला लेखक, तो १९१४ ला गेला, त्याच्या आठवणीसाठी सिएरा क्लबने ही खोली बांधली, तो क्लब त्यानेच १८९२ मध्ये सुरू केलेला. आत गेलात की एकदम अंधार, डोळे सरावायला वेळ लागतो, मग भिंतीच्या कडेने दगडी बाक दिसतो. त्यावर बसलं की गारवा पँटमधून वर चढतो. बाहेर वाऱ्याने कान फाटत होते आणि आत एवढं शांत की शेजारच्याचं बिस्कीट चावणं ऐकू येत होतं. पण झोपायला नाही हां ती. वादळात सापडलेल्याने जीव वाचवायला आत बसायचं, एवढ्याचसाठी. दुपारनंतर तिकडे विजा पडतात म्हणून खिंड सकाळीच ओलांडा, भाच्याला सांगा तंबू जवळ लावून पहाटे निघायचं.

वहीत नाव लिहायची एवढीच हौस असेल तर कधीतरी व्हिटनीच्या माथ्यावर जा, १४,५०५ फूट. तिथेही दगडी खोली आहे, स्मिथसोनियन संस्थेने १९०९ मध्ये शास्त्रज्ञांसाठी बांधलेली, आणि तिथे चढून आलेल्यांसाठी नोंदवही ठेवलेली असते. रीतसर.

बाकी तुमच्या वाटेवर तीन मोठ्या खिंडी आहेत, पायूट, म्यूर आणि बिशप. शेवटची बिशप म्यूरपेक्षाही थोडी उंच आहे, ११,९७२ फूट, आणि ती नेमकी थकल्यावर येते. सावदा समुद्रसपाटीपासून किती, फार तर सात-आठशे फूट, तेव्हा सुरुवात करायच्या आधी वरच एखादी रात्र काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी डोकं धरून बसाल. खाण्याचं सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या टणक डब्यात ठेवावं लागतं, म्हणजे डबा तर तुम्ही नेणारच आहात :) मामींना सांगा मेथीचे लाडू त्यात बरोब्बर बसतात.

फोन पुरतो. नकाशा आधी उतरवून घ्या आणि पॉवर बँक न्या. भाचा सॅटेलाइट मेसेंजर घेईल सोबत, घेऊ दे, पण तो कौतुकाने इकडे भारतात आणू नका, आपल्याकडे परवानगीशिवाय तसलं यंत्र बाळगता येत नाही, विमानतळावर लोक अडकलेत.

गल्लीतला_पाटील

सावद्यात फोन घेऊन दगडाखाली हात घालून बघा फक्त. संध्याकाळपर्यंत गावात बातमी: पाटलाला गुप्तधन घावलं. रात्री बारा वाजता चार जण कुदळी आणि लिंबं घेऊन हजर.

अंजनाची_साल (शिरपूर)

पाटील हसून सोडताय पण माझ्यासोबत खरंच असं झालंय, म्हणून लिहितो.

मी शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला एक डबा ठेवला होता, खाजगी जागेत, मालकाला विचारून. पहिला घोळ आकड्यांचा. साइटवर अक्षांश अंश आणि मिनिटं असे लिहितात, मिनिटाच्या पुढे तीन दशांश. माझा होता २१ अंश २४.५०० मिनिटं. मी मित्राला व्हॉट्सॲपवर घाईत टाकला २१.२४५००. आता २४.५ मिनिटं म्हणजे साठाने भागून ०.४०८ अंश होतात, ०.२४५ नाही. रेखांशातही तीच चूक केली. गडी तापी ओलांडून चाळीसेक किलोमीटर लांब दोंडाईच्याच्या खालच्या अंगाला कोणाच्यातरी मिरचीच्या वावरात उभा, आणि तिथून मला फोन करतोय की डबा नेमका कितव्या सरीत आहे. वावराचा मालक शेजारीच उभा होता, तो म्हणे, "हाऊ काय शोधी राह्यना रे?" मित्राने खरं काय ते सांगितलं, त्यावर कोण विश्वास ठेवणार. चहा पाजला मात्र त्याने.

म्हणून सगळ्यांना विनंती, आकडे पाठवताना अंश आहेत की मिनिटं ते नीट बघा. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण जेमतेम १.८५ मीटर, तेवढं बारीक चालतं. उघड्या आभाळाखाली फोनचा अंदाज साधारण पाच मीटरचा असतो, केळीच्या दाट पानांखाली किंवा कड्याला चिकटून बिघडतो. मोजणीवाल्या रोव्हरशी तुलना करू नका केळीबाग भाऊ, त्याला सर्व्हे ऑफ इंडियाच्या एका जागी पक्क्या बसवलेल्या केंद्रांकडून सुधारणा मिळत असते, फोनला ती नसते. पूर्वी तर सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक घालायचं, शंभर मीटरपर्यंत. मे २००० मध्ये ती बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, ओरेगॉनमध्ये एकाने बादली लपवून आकडे इंटरनेटवर टाकले, तो पहिला कॅश. त्यात म्हणे घेवड्याचा डबासुद्धा होता. आपण आता शिकलोय की खाण्याचं काही ठेवायचं नाही.

दुसरा घोळ डब्याचा. एअरटाइट प्लॅस्टिक म्हणून भारीतला आणला होता. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला झाकण असं वाकडं झालं की कोपऱ्यातून बोट आत जाईल. मग तिथून वाळवी शिरली. जूनमध्ये उघडला तर वहीचं कव्हर जसंच्या तसं, त्यावर माझं अक्षर पण छान, आणि आत पानांच्या जागी नुसती माती. हातात घेतली तर भुगा. पाच-सहा नावं होती त्यात, त्यात एक नागपूरचं कुटुंब मुद्दाम वाट वाकडी करून आलेलं, गेलं सगळं.

मग दुसऱ्यांदा स्टीलचा ठेवला, रबराची रिंग असलेला, तो मोहाच्या झाडाखाली. इथे माझी अक्कल. मोह वेचायच्या आधी लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात, फुलं दिसावीत म्हणून. डबा काळा ठिक्कर, रबर वितळलेलं, पेन्सिलचा कोळसा. ज्यांनी पेटवलं त्यांनीच तो उचलून मालकाच्या घरी नेऊन दिला, कोणाचातरी जेवणाचा डबा राहिला म्हणून. त्यानंतर मी नाद सोडला.

निवृत्त_वनपाल

मी खात्यात चौतीस वर्षं काढली, सुरुवात बीटवर आणि शेवट राउंडवर. म्हणून चार शब्द. कोणी राग मानू नये.

या चर्चेचं पुढचं वळण मला आत्ताच दिसतंय. अमेरिकेत जमत नाही तर सातपुड्यातल्या एखाद्या जुन्या फॉरेस्ट रेस्ट हाऊसपाशी ठेवू, पाल आहे, लंगडा आंबा आहे. तर यावल अभयारण्य १९६९ पासूनचं आहे आणि वन्यजीव कायदा १९७२ चा, अभयारण्यात परवानगीशिवाय नुसतं शिरणंसुद्धा चालत नाही, डबा लांबच राहिला. तुम्ही सज्जन आहात हो, पण तुम्ही आकडे टाकणार इंटरनेटवर, ते बघून कोण येईल आणि किती वाजता येईल हे तुमच्या हातात नाही. आमच्या वनरक्षकाला रात्री झाडीत बॅटरी दिसली की तो शिकारीच समजतो, आणि त्याने तेच समजलं पाहिजे. शिवाय आपल्याकडेही अस्वल आहे. त्याला डब्यातल्या वहीत रस नाही, पण कोणी गोळी-चॉकलेट टाकलं तर डबा फोडून खाईल, आणि मग माणसाच्या वस्तूला खायचं असतं ही सवय त्याला लागते. तुमच्या त्या अमेरिकन डब्याचं कारण तेच आहे.

बाकी तुमच्या खेळाची मला गंमत वाटली, कारण आमच्याकडे तो आधीपासून होता. जुन्या रेस्ट हाऊसमध्ये अभ्यागतांची नोंदवही असायची, जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. आला तो साहेब नाव, हुद्दा, मुक्काम किती, भाडं किती भरलं ते लिहायचा आणि शेवटी शेरा. मी एका वहीत इंग्रजांच्या काळातली पानं बघितलीत, शाई तपकिरी झालेली. शेऱ्यात काय असायचं? विहिरीचं पाणी, छप्पर कुठे गळतं, कोंबडी मिळाली की नाही, वाघाचे ठसे. एकाने फक्त डासांबद्दल अख्खं पान भरलं होतं. पावसाळ्यात चौकीदार ती वही चुलीच्या वर फळीवर ठेवायचा, त्या धुरामुळे वाळवी लागली नाही. शिरपूरवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.

केळीबाग_सावदा

सगळ्यांचे आभार. वनपाल नाना, राग कसला, तुम्ही ओळखलंत बरोबर, मी कालच पालचा विचार करत होतो, आता नाही करत. चोपडेकर भाऊ, लाडवांचं बायकोला वाचून दाखवलं, पिशवीचं नाही सांगितलं, नाहीतर ती येणारच नाही.

एक शंका. लळिंगचा लांडोर बंगला कसा राहील? धुळ्याजवळ, हायवेपासून जवळ, अभयारण्य नाही, जुनी वास्तू आहे, इतिहास आहे.

अंजनाची_साल (शिरपूर)

तिथे नको दादा. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब त्या बंगल्यात मुक्कामाला होते, दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते, हजारो माणसं येतात. एवढ्या गर्दीच्या जागी भिंतीच्या फटीत बेवारस धातूचा डबा म्हणजे पोलिसांना फोन, बॉम्बशोधक पथक, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो. आणि ते सोडा, जिथे लोक माथा टेकायला येतात तिथे आपण लपाछपी खेळायची, मला तरी बरं वाटत नाही. शिवाय ते कुरणही वनखात्याचंच, नाना परत चिडतील.

निवृत्त_वनपाल

चिडणार.

शहाद्याची_मी

डबाच कशाला पाहिजे पण? अर्थकॅश करा ना. २००४ पासून आहे तो प्रकार, त्यात काहीच लपवायचं नसतं, आकड्यांवर जायचं, तिथला दगड-डोंगर बघायचा आणि दिलेल्या प्रश्नांची उत्तरं कॅशवाल्याला पाठवायची. वाळवी नाही, अस्वल नाही, गुप्तधन नाही. जागेच्या मालकाची परवानगी त्यालाही बघावी लागते, पण वस्तू ठेवायची नसते म्हणून सोपं पडतं.

आणि त्यासाठी खानदेशाइतकी भारी जागा नाही. साक्री-धुळे-नंदुरबार पट्ट्यात एसटीतून जाताना काळ्या दगडांच्या भिंतीसारख्या लांबच लांब रांगा दिसतात ना, आम्ही लहानपणी म्हणायचो राक्षसाने बांध घातला. त्या डाइक आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला त्या काळात जमिनीला पडलेल्या भेगांमध्ये तप्त रस घुसला आणि तिथेच गोठला, नंतर आजूबाजूचा दगड झिजला आणि ही भिंत उभी राहिली. काही तर कित्येक किलोमीटर सरळ रेषेत जातात. मी भूगोल शिकवते, पोरांना पुस्तकातली आकृती दाखवून कळत नाही, एकदा तिथे नेलं आणि भिंतीच्या कडेचा बारीक कणांचा दगड आणि मधला मोठ्या कणांचा दगड हाताने चाचपायला लावला, कडेचा लवकर थंड झाला म्हणून बारीक, की लगेच डोक्यात बसलं.

लांब पायवाट म्हणाल तर आपल्याकडेही आहे की, अस्तंबा. धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याकडून पोरं रात्रभर चालत डोंगर चढतात, वर अश्वत्थामा आहे, तो अजून कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात. मी एकदा गेले, पहाटे गुडघे बोलायला लागले. मात्र त्या वाटेवर डबा नाही हं ठेवायचा.

आणि दादा, पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही वावरातल्या आजोबांच्या दगडी खोलीबद्दल लिहून गेलात आणि कोणी विचारलंच नाही. ती तुमच्या मालकीची आहे ना? मग जगात कुठे कुठे काय शोधताय?

चोपड्याचा_बेएरियात

शहाद्याच्या ताईंनी बरोब्बर पकडलं. मालक तुम्हीच, परवानगी तुमचीच, देखभाल सालदाराच्या नजरेसमोर. फक्त दोन गोष्टी बघा, जवळच्या दुसऱ्या कॅशपासून १६१ मीटर लांब पाहिजे, आणि खणून पुरायचा नाही, हा नियमच आहे. तो नियम गावात आधीच मोठ्याने सांगून ठेवा, पाटलांच्या लिंबूवाल्या मंडळींसाठी. आणि इकडून एक ट्रॅव्हल बग घेऊन जा, नंबर असलेला धातूचा बिल्ला असतो, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करतो आणि साइटवर त्याचा मार्ग दिसतो. म्यूर हटला तो खिशात घेऊन जा, दाराशी फोटो काढा, आणि परत आल्यावर तुमच्या डब्यात टाका. झाला की नाही सावद्याचा आणि म्यूर हटचा संबंध.

केळीबाग_सावदा

(आठ दिवसांनी)

खरं सांगतो, ती खोली डोक्यातच आली नव्हती. रोज समोर असते ना.

थोडं सांगतो तिच्याबद्दल. सातपुड्यातून पावरा-बारेला मंडळी बाजाराला उतरायची ती पायवाट आमच्या वावराच्या कडेने जाते. मोहाची फुलं, डिंक, चारोळी घेऊन यायचे आणि मीठ-कापड घेऊन परत. उशीर झाला की त्या खोलीच्या ओट्यावर रात्र काढायचे, आजोबांनी ओटा मुद्दाम बाहेरच्या बाजूला काढलाय, खोली बंद असली तरी बसता यावं म्हणून. आजी सांगायची की १९३६ च्या फैजपूर काँग्रेसला चालत निघालेली काही माणसं पण तिथे थांबली होती आणि तिच्या सासूने त्यांना कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, तेव्हा माणसं लांबून आली हे खरं, आमच्या ओट्यावर कोण बसलं ते आजीलाच माहीत. आता रस्ता झाला, जीप चालतात, पायवाटेवर गवत आहे. तरी अधूनमधून एखादा म्हातारा येतो, ओट्यावर बसतो, पाणी मागतो.

काल ठिबकच्या नळ्या काढल्या, एक विंचू आणि बैलाच्या गळ्यातली एक घंटा निघाली. बाहेरच्या भिंतीत कंदील ठेवायची देवळी आहे, तिच्या आत उजव्या हाताला एक दगड सरकतो, मागे वीतभर पोकळी. डबा तिथे. स्टीलचा, रबराच्या रिंगचा, शिरपूरकरांचं ऐकून पत्र्याच्या सावलीत आणि मोहापासून लांब. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेन नाही पेन्सिल. वनपाल नानांच्या धुराची सोय चुलीअभावी होत नाही म्हणून आत कडुलिंबाचा पाला टाकलाय, त्याने काही होतं का नाना? आकडे सकाळ-दुपार-संध्याकाळ असे तीन वेळा घेतले आणि सरासरी काढली, तिन्हीत पाच-सहा मीटरचा फरक होता, एकदा तर परत शेजाऱ्याच्या केळीतच दाखवत होतं. शेजाऱ्याला बोलावून सगळं समजावलं. तो म्हणे लोक आले तर माझ्याकडून घड विकत घेतील का. म्हटलं सांगतो लिहायला.

वर्णन मराठीत लिहितोय, साइटवाल्यांनी पास केलं की इथे टाकतो. केळीची किचेन ठेवली. बिल्ला ऑगस्टनंतर.

फक्त एक भानगड झालीय. आकडे घेत होतो तेव्हा सालदार मागे उभा. "भाऊ, याच्यात ठेवायचं काय?" म्हटलं वही. "मंग एवढा डबा कायले?" मी समजावत बसलो की जो पहिला शोधेल त्याचा मोठा मान असतो, त्याला एफटीएफ म्हणजे फर्स्ट टू फाइंड म्हणतात, पहिल्या पानावर पहिलं नाव त्याचं. आज सकाळी डबा उघडून बघितला तर पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात त्याचं नाव, गाव, तारीख आणि खाली मोबाइल नंबर. त्याला विचारलं तर म्हणतो, मी शोधला, तुम्ही ठेवला तेव्हा मीच होतो ना तिथे. नंबर खोडला. नाव खोडायला त्याने पेन्सिल दिली नाही. आता एफटीएफ कोणाला धरायचा ते सांगा.